वळणावरचा आरसा

नगरसेवकपदासाठी उभं राहिल्यापासून चष्मेवाल्याच्या तोंडी एकच विषय होता, रस्ते. दिवे, गटारं, वाचनालय हे होतंच. पण वळणं सुरक्षित हवीत, हे तो गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवतानाही ऐकवायचा. बायको म्हणायची, लोक चष्मा न्यायला येतात, भाषण नाही.

माणसाची नजर कुठे टिकते हे चष्मेवाल्याला शिकवावं लागत नाही. म्हणून प्रचाराचं पांढरं कापड त्याने स्वतःच बांधलं, बाजाराच्या वळणावर. ज्या खांबावर पलीकडून येणारी गाडी दाखवणारा गोल आरसा होता, त्याच खांबावर. तिथे तर जो तो बघतो. अर्धाअधिक आरसा झाकला गेला, तेव्हा त्याने मनाची समजूत घातली होती, अर्धा उरलाय की.

त्याच संध्याकाळी त्याला शाळेत शिकवलेल्या बाईंना तिथे स्कूटरने उडवलं. धावपळीत त्याने कापड गुपचूप सोडून घेतलं. लोकांनी आताच्या नगरसेविकेला धारेवर धरलं आणि त्याला आयतंच कोलीत मिळालं. कापडाचं मात्र त्याने फक्त बायकोला सांगितलं.

आज, प्रचाराच्या सभेला निघायच्या तोंडावर, त्याच बाई हाताला प्लास्टर घालून त्याच्या तपासणीच्या खुर्चीत बसल्या होत्या. आपलेच डोळे गेले, असं त्या धरून चालल्या होत्या. वाचनालयात मुलांना वाचून दाखवणंही बंद करणार होत्या.

“आरशात बघितलं रे मी. गाडीबिडी काही नाही, नुसतं पांढरं. मोतीबिंदू असेल, नाही का?”

त्याने भिंग बदलून बदलून पाहिलं. नंबर जुनाच होता. मोतीबिंदूचा मागमूस नव्हता. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्याने बाईंच्या नाकावरची जड फ्रेम उतरवली आणि हातात धरून ठेवली.

“तुमचे डोळे ठणठणीत आहेत, बाई. पांढरं होतं ते माझं कापड. आरशावर मीच बांधलं होतं.”

बाईंनी समोरच्या अक्षरांच्या तक्त्यावरची नजर काढून त्याच्याकडे वळवली.

“आणि मी स्वतःलाच आंधळी ठरवून बसले,” त्या म्हणाल्या. “हे फक्त मला सांगतोयस, की सभेतही?”

निवडणूक संपेपर्यंत तोंड उघडू नका, असं बायकोने बजावलं होतं. तिचं चुकत नव्हतं.

“तुम्ही पहिल्या रांगेत बसा,” तो म्हणाला. “नाहीतर ऐनवेळी मी गटारांवर घसरेन.”

बाई हसल्या नाहीत. त्याने दुकानाचं शटर ओढलं. वळणावर त्याने आधारासाठी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. त्या थांबल्या, आरशात नीट बघितलं आणि एकट्याच पलीकडे गेल्या. तो मागून निघाला.