कापलेले चार फूट

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी फ्रेमवाल्याने चित्राचा वरचा चार फूट कागद कापला. प्रदर्शनाचे उद्घाटन संध्याकाळी सहाला होते.

चित्रकर्तीला ते साडेबाराला कळले, कलादालनाच्या मागच्या खोलीत. तिचा सात फुटी कागद तीन फुटांचा होऊन काचेआड बसला होता. फ्रेमवाला म्हणजे तिचा सख्खा दीर. तीस वर्षे प्रमाणपत्रे आणि नकाशे चौकटीत बसवणारा माणूस. आपण काही बिघडवले आहे हे त्याच्या गावीही नव्हते.

“वहिनी, रेघेला धक्कासुद्धा लावला नाही हं. वरचं सगळं कोरंच होतं.”

“कोरं नव्हतं, भावजी.”

“मग काय होतं?”

अकरा वर्षे ती रोज सकाळी तासभर भिंतीकडे तोंड करून बसत होती. चीनमधल्या ताओ साधकांची ती जुनी रीत: बसायचे आणि एकेक गोष्ट विसरत जायचे. कालचे भांडण, आजचा स्वयंपाक, शेवटी स्वतःचे नावसुद्धा. मग शाईची कांडी दगडावर उगाळायची आणि एका श्वासात एकच रेघ ओढायची. चांगले काढू, एवढी इच्छा जरी मनात उरली असेल, तरी त्या दिवशी कुंचल्याला हात लावायचा नाही. या एका कागदाआधी चाळीस कागद वाया गेले होते.

“रेघ थांबली तिथून मी श्वास सोडलाय,” ती म्हणाली. “त्याला वर जायला चार फूट लागले.”

दिराचा चेहरा खर्रकन उतरला. “मला काय ठाऊक! संचालक म्हणाले, चौकट तीन फुटांची करा, रिकामं आहे ते उडवा.”

तेवढ्यात संचालकच आत आले. पन्नाशी उलटल्यावर या दालनात तिला पहिल्यांदाच भिंत मिळाली होती, आणि ती त्यांच्या हातात होती.

“बाई, राईचा पर्वत करू नका. खाली सही ठोका आणि मोकळ्या व्हा. तुमचा तो ताओ सांगतोच ना, धरून ठेवू नका म्हणून?”

“सोडायचं ते मी माझ्या हाताने सोडेन. तुम्ही कात्री लावून सोडवायचं नाही.”

“मग भिंत दुसऱ्याला जाईल. रांग लागलीय.”

“सही होणार नाही.”

संचालक निघून गेले. त्यांच्या पाठोपाठ दिरानेही काढता पाय घेतला. रक्ताची नाती अशीच, असे तिच्या मनात आले; मग आठवले, हे तर सासरचे नाते.

चार वाजता दीर परतला. काखेत गुंडाळी. “वरचा तुकडा रद्दीच्या पेटीत सापडला. कोपऱ्याला सरस लागलाय. बेमालूम जोडून देतो, वहिनी. माझा बाप आला तरी सांधा ओळखणार नाही.”

“तुमचा बाप ओळखो न ओळखो, लोकांना काप दिसला पाहिजे. जोडू नका.”

तिने काच उतरवायला लावली. खाली तीन फूट, वर चार फूट, मध्ये चार बोटांची फट ठेवून दोघांनी दोन्ही तुकडे भिंतीवर लावले. मग तिने शाई उगाळली आणि शेजारी चिठ्ठी डकवली: ‘वरचा भाग दालनाने कापला.’ खाली सही केली, ठसठशीत.

पावणेसहाला संचालकांनी चिठ्ठी पाहिली. “काढा ते!” ते पहारेकऱ्यावर खेकसले. “चित्रासकट!”

पहारेकऱ्याने टोपी सरळ केली. “साहेब, मांडलेल्या चित्राला लेखी हुकमाशिवाय हात लावायचा नाही, असं तुम्हीच फलकावर लिहिलंय. लेखी द्या, आत्ता काढतो.”

“काय लिहून देऊ?”

“काय काढायचं आणि का, तेवढंच.”

संचालक कचेरीत गेले आणि दार लावून घेतले. सहाला पाहुणे आत आले. चित्रकर्ती चित्राच्या बाजूला उभी होती. दीर हातोडी घेऊन दुसऱ्या बाजूला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली, आणि मागचे चार जण पुढे सरकले.

सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत लेखी हुकूम आलेला नव्हता. कचेरीचे दार बंदच होते.