फेरातून उठलेला पाट

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाट आहे आणि मला अजून राग येतो. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं, चार उपदेश करावेत आणि गुपचूप कोपऱ्यात पडावं, अशी तुमची अपेक्षा असते. ज्यांना जमतं त्यांनी तसं करावं. मला जमत नाही.

माझा जन्म दौंडचा. तिथे रेल्वेच्या डब्यांची डागडुजी करणाऱ्या सुतारांच्या हाताखाली ज्ञानदेव काम करायचा. भंगारातून त्यानं सागाची एक फळी विकत घेतली, तिला रंधा मारला, खाली दोन पट्ट्या ठोकल्या आणि चारी कोपऱ्यांवर पितळी फुलं बसवली. त्याच्या लेकीला, अंजनाला, जेवायला बसण्यासाठी मी घडलो. मग एसटीच्या टपावर बसून मी शिरूरजवळच्या त्याच्या गावी आलो. गावाच्या कडेला बौद्धवस्ती, आणि वस्तीत शेवटचं घर ज्ञानदेवचं.

त्या घरात माझं कौतुक होतं. अंजना माझ्यावर बसून जेवली, माझ्यावर पाटी ठेवून बाराखडी शिकली. तिची आई पार्वतीबाई माझी पितळी फुलं चिंचेनं घासायची आणि पाहुण्यांना सांगायची, "ह्यांनी सोता केलाय." ज्ञानदेव आठवड्याच्या सुट्टीला दौंडहून आला की आधी माझ्यावरून हात फिरवायचा आणि मग पाणी मागायचा.

बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या सगळ्या बाया सरकारी कामावर खडी फोडायला एका रांगेत बसल्या. सर्जेराव पाटलाची बायको पुतळाबाईही होती. तिला 'अहो' म्हणावं असं मला वाटत नाही, म्हणून म्हणणार नाही. एका दुपारी ऊन लागून ती भोवंडली, तेव्हा पार्वतीबाईच्या मडक्यातलं पाणी ती घटाघटा प्यायली. पार्वतीबाईनं हे घरी सांगितलं तेव्हा अंजना माझ्यावर बसून भाकरी खात होती. दुष्काळ सरला आणि पुतळाबाई ते विसरली.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि आश्विनात गावात हादगा बसायची वेळ आली. हादगा म्हणजे काय, ते सांगतो. पाटावर हळदीकुंकवानं हत्ती काढायचा, पाट अंगणात मधोमध ठेवायचा, मुलींनी हातात हात घालून त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी डब्यात झाकून ठेवलेली खिरापत ओळखायची. अंजनाला या फेराचं भारी वेड. पाटलाच्या भिंतीबाहेर उभी राहून तिनं सगळी गाणी पाठ केली होती. त्या वर्षी तिला आत जायचं होतं.

शनिवारी शाळा लवकर सुटली. पाटलाच्या अंगणात गवत माजलं होतं. ते उपटायला, मुरूम पसरायला आणि चोपणीनं जमीन बडवायला पार्वतीबाईला बोलावणं आलं. अंजनाही गेली. तिनं शेण कालवलं, सगळं अंगण सारवलं, पाठ मोडेपर्यंत वाकली. तिच्या हातचं शेण त्या अंगणाला चाललं, हे लक्षात ठेवा.

सारवता सारवता पाटलाची मुलगी सरू तिच्या कानाशी लागली. "आमच्या पाटाला वाळवी लागलीया. तुझा आणशील? मग तूबी फेरात ये."

रविवारी सकाळी अंजनानं बापाला विचारलं. ज्ञानदेवच्या कपाळावर आठी पडली. "आपण देवदेव सोडलं, आन् तू त्यांच्या पूजेला पाट देतीस व्हय?"

"पूजा त्यांची त्यांनी करावी, दादा. मला नुसतं नाचायचंय."

ज्ञानदेवनं माझ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "जा. पर जपून आण त्याला."

अंजना, सरू आणि गावातल्या मुली मला घेऊन फुलं गोळा करायला नदीकडे निघाल्या. बाजरीची कणसं भरली होती, बांधावर तरवड पिवळाधमक फुलला होता. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणींचे खोपे लोंबत होते. ते बघत सगळ्या किती वेळ उभ्या राहिल्या. मी फुलांनी भरलो आणि आळीपाळीनं एकेकीच्या डोक्यावर चढलो. त्या वाटेवर कुणाला कुणाचं डोकं वावडं नव्हतं. मी आयुष्यात तेवढा खूश कधी झालो नाही.

पाटलाच्या दारात शिरताना मी सरूच्या डोक्यावर होतो. पुतळाबाईचे डोळे चमकले. "कुठला गं येवढा झ्याक पाट?"

सरू घाबरली. "दौंडचा," एवढंच म्हणाली.

दौंडला पुतळाबाईचा भाऊ जयसिंग राहत होता. झालं! बाई माहेराच्या अभिमानानं अशी फुगली की पुढचं काही विचारायला तिला सुचलंच नाही. "माझ्या जयसिंगानं धाडला," असं तिनं जमलेल्या प्रत्येकीला सांगितलं. माझी फुलं कुरवाळली. माझ्यावर हत्ती काढला, त्याला माळ घातली आणि हात जोडले. ज्ञानदेवच्या घामाला ती हात जोडत होती, आणि नाव भावाचं घेत होती.

फेर उभा राहिला. अंजनानं सरूचा हात धरला, तेवढ्यात पुतळाबाई कडाडली, "ए पोरी, तू कुठं मधी? त्या भिंतीकडं बस जा. खिरापत टाकीन तुला वरनं."

सरूनं हात सोडला नाही. ती म्हणाली, "आई, पाट तिचाच हाय. तिच्या बापानं केलाय."

पुतळाबाईचं तोंड पांढरं पडलं. मग ती ओरडली, "गोमूत्र आणा! आधी पाट धुऊन घ्या!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पाटाला तोंड नसतं, नाहीतर त्या दिवशी सगळ्या गावानं ऐकलं असतं. पण अंजनाला तोंड होतं.

"दुष्काळात माझ्या आईच्या मडक्यातलं पानी पिलासा," ती म्हणाली, "तवा काय धुतलं व्हतं?"

अंजना फेराच्या मधोमध गेली, तिनं मला हत्तीसकट उचललं आणि आपण सारवलेल्या अंगणातून ताठ चालत घरी आली.

दिवस मावळायच्या आत सर्जेराव स्वतः वस्तीत आला. दाराबाहेरच थांबला. "ज्ञानदेवा, मांडलेला हादगा असा मधीच उठवत न्हाईत. घरावर काय तरी यायचं. पाट दे."

"देतो की, आप्पा," ज्ञानदेव शांतपणे म्हणाला. "पर पोरीसकट येईल. पाट मधी, आन् पोरगी फेरात."

"गावाची रीत तुला ठावं हाय."

"मग पाट हितंच बरा."

सर्जेराव पाय आपटत गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिरूरच्या बाजारातून नवा पाट आणला आणि फेर पुन्हा सुरू झाला. सरूही त्यात होती; फेराबाहेर बसून राहण्याइतकं बळ तिच्या अंगात कुठलं? अंजना मात्र त्यानंतर कधीच, कुणाच्याच अंगणात, नाचली नाही. पुढच्या वर्षी वस्तीतल्या मुली तिला हाताला धरून ओढत होत्या, तरी ती उठली नाही. हळदीकुंकवाचे डाग काढायला ज्ञानदेवनं मला परत रंधा मारला. पण पोरीचं नाचणं कुठल्या सुताराकडे न्यायचं?

मित्रांनो, जुन्या पाटाला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला चुलीत घाला, मी तक्रार करणार नाही. पण फेर धराल तेव्हा आधी भिंतीकडे बघा. तिथे कुणी बसवलेलं असेल, तर तिचा हात धरून तिला आत घ्या. तेवढंही होत नसेल, तर हत्ती जमिनीवर काढा. माझ्या अंगाला हात लावू नका.