दारापुढं माइक बंद

तिरुमलरावांना जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं, आणि एका सकाळी रंगार गल्लीच्या तोंडाशी त्यांचा आवाज आला. अनुसूयाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. ताट बाजूला सरकवून त्या उठल्या, लोटाभर पाणी घेतलं आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. नवरा आता नाही, हे त्यांना उंबऱ्यावर आल्यावर आठवलं.

आवाज मात्र येतच होता. तोच खर्ज, वाक्य संपताना तोच किंचित वर चढणारा सूर. वळणावरून एक ऑटो आत शिरली. टपावर कर्णा, चारी बाजूंना शिडीची चित्रं. "रंगार गल्लीतल्या माझ्या माणसांनो, मी तुमचा तिरुमलराव. जन्मभर तुमच्यापाशी घागरीसाठी मत मागितलं. आता माझं ऐका की, या खेपेला शिडी!" ऑटो दारावरून तशीच पुढं गेली, न थांबता, आवाज न घटवता. अनुसूयाबाईंच्या हातातला लोटा हिंदकळला आणि पाणी पायावर सांडलं.

समोरच्या सुमित्राबाई धावत बाहेर आल्या. "अय्यो देवा! तुमचे हेच अल्वा, हेच ना?"

"नव्हेत," अनुसूयाबाई म्हणाल्या. "ते आपल्या दारापुढं माइक बंद करायचे."

तिरुमलराव जातीचे रंगारी. वाडवडिलांची कापड रंगवायची भट्टी विझल्यावर त्यांनी एका साड्यांच्या दुकानात नोकरी धरली. पण म्हैसूरात त्यांना साड्यांमुळं कुणी ओळखत नसे. ते घागरीचा आवाज होते. घागर ही त्या जुन्या पक्षाची खूण. कुळाला जमीन, गरिबाला घर बांधायला जागेची साइट, पोरांना वसतिगृह, असल्या गोष्टी ज्यानं एके काळी खरोखर केल्या आणि पुढं नुसत्याच सांगितल्या, तो पक्ष. तिरुमलराव दोन्ही काळांत सारख्याच गळ्यानं ओरडले, हा त्यांचा भाबडेपणा म्हणा नाहीतर थोरवी म्हणा.

पक्षाचे दिवस कसे आहेत ते गल्लीला पेपरातून कळत नसे. तिरुमलराव कशावर बसून येतात, त्यावरून कळे. सुरुवातीला जीप होती, दोन कर्णे होते, मागं पोरांची झुंड होती. सत्ता गेली तशी जीप गेली आणि ऑटो आली. मध्ये एकदा पक्षाचं नशीब पुन्हा उघडलं, मोठी व्हॅन आली, हार आले, आणि रस्त्यात ओळख न देणारी माणसंही व्हॅनमध्ये टेकायला जागा मागू लागली. पुढच्या निवडणुकीत पक्ष असा आपटला की ती माणसं पुन्हा दिसली नाहीत. शेवटी शेवटी तर हातात धरायचा भोंगा घेऊन म्हातारा पायीच फिरायचा, बरोबर दोन-चार पिकली डोकी. "पक्ष काय, येतो, जातो," ते म्हणायचे. "माणसं आपलीच आहेत की."

दोन नेम त्यांनी कधी मोडले नाहीत. एक म्हणजे स्वतःच्या घराशी आले की माइक बंद. "बायकोपाशी मत मागायला कर्णा लागतो होय?" मग नुसत्या गळ्यानं हाक मारायची, "अनसू, पाणी दे." पाणी पिताना ते तिच्याकडं बघायचे. मत कुणाला देणार, हे मात्र त्यांनी कधीच विचारलं नाही. दुसरा नेम हरल्यावरचा. निकालाच्या दुसऱ्या दिवशी कर्ण्याविना, पायी, दारोदार जाऊन हात जोडायचे. "जिंकल्यावर सगळेच येतात, अनसू. हरल्यावर जायचं." ती फेरीसुद्धा याच दारात पाणी पिऊन संपायची.

आता हा आवाज शिडीवाल्यांच्या हाती लागला कसा? अनुसूयाबाईंनीच दिला होता. तिरुमलरावांच्या वर्षश्राद्धाला श्रीहर्ष आला होता. गल्लीतलाच मुलगा. तिरुमलरावांच्या मागं मागं फिरत बोलायला शिकला आणि घागरीचा पुढारी झाला. जेवून उठताना म्हणाला, "काकू, काकांच्या भाषणांच्या कॅसेटी खराब होतील. मी नीट उतरवून ठेवतो. आवाज पक्षापाशी राहू दे." अनुसूयाबाईंनी सगळ्या कॅसेटी नवऱ्याच्या उपरण्यात बांधून त्याच्या हातात दिल्या, आणि देताना डोळे पुसले. वर्ष उलटायच्या आत श्रीहर्ष शिडीत गेला. उपरणंही त्याच्याबरोबर गेलं. आता तो त्या पक्षाचा उमेदवार होता.

ऑटो दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. मग मात्र अनुसूयाबाईंनी पदर खोचला. कुवेंपुनगरला श्रीहर्षचं ऑफिस होतं, तिथं ऑटो करून गेल्या. वाटभर मनाशी घोकत होत्या, मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटं घालू नकोस, आजच्या आज बंद कर.

ऑफिसात कॉम्प्युटरपुढं एक मुलगी बसली होती. चैत्राली तिचं नाव, पुण्याहून नोकरीला आलेली. तिनं लगबगीनं खुर्ची दिली. त्या जुन्या कॅसेटींवरून कॉम्प्युटर आवाज शिकतो, मग आपण लिहू ते त्या आवाजात बोलतो, असं तिनं समजावून सांगितलं. "आजी, किती गोड आवाज आहे हो आजोबांचा! मी दिवसभर तोच ऐकत असते." अनुसूयाबाईंना त्या परक्या मुलीचा हेवा वाटला. स्वतःचं त्यांना नवल वाटलं, पण वाटला खरा.

श्रीहर्षनं वाकून नमस्कार केला. "काकू, तुम्हाला नको असेल तर आत्ता बंद करतो. तुमच्या शब्दाबाहेर नाही मी."

आणि तो ते मनापासून बोलत होता, हेच वाईट. नुसतं लबाड बोलला असता तर त्यांना चार शब्द सुनावता आले असते. अनुसूयाबाईंनी तोंड उघडलं. उद्या सकाळी गल्ली मुकी असेल, हे त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. खरं सांगायचं तर तिन्ही दिवस त्या उजाडल्यापासून कान लावून बसत होत्या. शिडीचं बोलणं खोटं होतं, पण 'माझ्या माणसांनो' म्हणताना लागणारा तो सूर खरा होता, आणि दोन वर्षांवर त्यांनी तो ऐकला नव्हता. लाजेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही 'बंद कर' हे दोन शब्द काही केल्या जिभेवर येईनात.

"ते दारात थांबायचे रे," त्या म्हणाल्या. "तुझी ऑटो थांबत नाही. ते माइक बंद करून पाणी मागायचे."

"काय म्हणायचे, आजी?" चैत्रालीनं हळूच विचारलं.

"'अनसू, पाणी दे' म्हणायचे."

जे उभ्या जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, ते असं सांगून झालं. परत येताना त्यांना हलकं वाटत होतं. आपण काय देऊन आलो, हे त्या बिचारीला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑटो त्यांच्या दारापुढं थांबली. माइक बंद झाला नाही. "अनसू," कर्णा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलला, "पाणी दे."

अनुसूयाबाई लोट्याकडं वळल्या. हे ते नव्हेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण हात ऐकायला तयार नव्हते. त्या लोटा भरून बाहेर आल्या. घ्यायला कोण होतं? खाकी शर्टातला ड्रायव्हर होता. उन्हातून आलेला, तहानलेला. त्यानं लोटा घेतला आणि घटाघटा प्याला. अनुसूयाबाईंचं त्याच्याकडं लक्षही नव्हतं. त्या टपावरच्या कर्ण्याकडं बघत होत्या. सुमित्राबाईंच्या ओट्याशी चैत्राली फोन धरून उभी होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि फोन जराही हलत नव्हता.

संध्याकाळपर्यंत ते सगळ्या म्हैसूरच्या फोनांवर होतं. तिरुमलरावांची बायको शिडीच्या ऑटोला पाणी देते आहे, मागं नवऱ्याचा आवाज, खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'घरचंही ठरलं!'

सरगूरला दिलेली लेक दिव्यश्री, तिचा फोन आला. "अम्मा, हे काय केलंस गं?"

"सुम्ने, नुसतं पाणी दिलं, बाई. तहानेल्याला पाणी."

"कुणाच्या ऑटोला दिलंस ते सगळ्यांनी बघितलं की. अप्पा असते तर?" अनुसूयाबाईंनी फोन ठेवला आणि लगेच श्रीहर्षला लावला. आता मात्र दोन्ही शब्द नीट आले. "बंद कर."

"काकू, ऑटो थांबवतो. पण ते फोनांवरचं आता माझ्या हातात कुठं राहिलं?"

ऑटो खरंच आली नाही. आली असती तरी एखादा दिवसच, कारण प्रचाराची मुदत संपत आली होती. मग ती संपली आणि सगळ्यांचेच कर्णे बंद झाले. गल्लीत दुपारी कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू यायच्या. तिरुमलराव दुसऱ्यांदा गेले, आणि या खेपेला भेटायला कुणी आलं नाही.

मतदानाला अनुसूयाबाई पायी गेल्या. शाळेच्या व्हरांड्यात बायकांनी त्यांना पुढं जायला वाट दिली आणि ओळखीचं हसल्या. ते हसणं फोनवर बघितलेल्या बाईसाठी होतं. आत पुठ्ठ्याच्या आडोशाला त्यांनी घागरीचं बटण दाबलं. काचेमागं घागरीची चिठ्ठी क्षणभर दिसली आणि खाली पडली. मशीनची लांब शिट्टी सगळ्यांना ऐकू गेली. कशाची, ते त्यांना एकट्यांना ठाऊक होतं.

घागरीचे उमेदवार होते गुरुराव मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, तिरुमलरावांबरोबर भोंगा घेऊन फिरणाऱ्या त्या पिकल्या डोक्यांपैकी एक. दुसरं कुणी उभं राहायला तयार नव्हतं म्हणून उभे राहिले. निकालात श्रीहर्ष निवडून आला आणि मास्तरांचं डिपॉझिट गेलं. याआधी पक्ष कितीही पडला तरी रंगार गल्लीनं त्याला कधी सोडलं नव्हतं. या खेपेला गल्लीनंही पाठ फिरवली.

सुमित्राबाई पेढा घेऊन आल्या. "मी जन्मभर घागरीलाच दिलं बघा. पण तुमच्या ह्यांनीच सांगितलं, वर तुम्ही पाणी दिलंत, मग आम्ही वेगळं काय करायचं की? त्यांचा शब्द कधी मोडला नाही आम्ही." उपकार केल्यासारखा त्यांनी तो पेढा हातावर ठेवला. त्यांचा काय दोष होता? अनुसूयाबाईंनी पेढा मुठीत धरून ठेवला. त्यांना धाय मोकलून रडावंसं वाटत होतं, पण सुमित्राबाई जायचं नाव घेईनात.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात गुरुराव मास्तर गल्लीत आले. बरोबर तीन-चार माणसं, कर्णा नाही, भोंगा नाही. तिरुमलरावांचा नेम त्यांनी मोडला नव्हता. दारोदार थांबून ते हात जोडत होते. "मत दिलंत, उपकार झाले." दिलं की नाही, ते विचारत नव्हते.

अनुसूयाबाईंनी आतून ऐकलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी लोटा घासून लख्ख केला, घागरीतलं गार पाणी भरलं. मास्तरांना सांगायचं, माझं मत तुम्हालाच होतं. जगानं काहीही बघितलेलं असू दे, निदान या एका माणसाला ठाऊक असू दे. बाकी त्यांना काही नको होतं.

मास्तर आधी समोरच्या दारी गेले. "अय्यो मास्तर, आमचं मत तुम्हालाच की!" सुमित्राबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. मास्तर ओट्यावर टेकून पोटभर पाणी प्याले. मग उठून रस्ता ओलांडून इकडं यायला निघाले. तेवढ्यात बरोबरच्या माणसानं त्यांच्या कोपराला हात लावला आणि काहीतरी पुटपुटला. मास्तरांनी मान वर करून दाराकडं बघितलं. दारातल्या बाईकडं बघितलं, तिच्या हातातल्या लोट्याकडं बघितलं. तोच लोटा त्यांनी फोनवरही बघितला होता.

ते रस्त्यातच थांबले. तिथूनच त्यांनी हात जोडले, मेलेल्या मित्राच्या घराला जोडावेत तसे, अगदी अदबीनं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर अनुसूयाबाईंना काही बोलता आलं असतं. मास्तर पुढच्या दाराकडं वळले.

"मास्तर," त्यांनी हाक मारली. "पाणी घेऊन जा की."

"आत्ताच प्यालो, अक्का," मास्तर म्हणाले. ते खरंच होतं.

"माझं मत..." अनुसूयाबाईंनी सुरुवात केली, पण मास्तर तोवर पुढच्या ओट्याशी पोचले होते. तिथवर ऐकू जायचं तर ओरडायला हवं होतं, आणि ओरडलं तरी त्यांच्या तोंडच्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार होतं? माणसं एकेक दार करत गल्लीच्या टोकाला गेली आणि वळली. अनुसूयाबाई भरला लोटा घेऊन उंबऱ्यातच उभ्या होत्या. मत कुणाला दिलंस म्हणून तिरुमलरावांनी त्यांना जन्मात कधी विचारलं नव्हतं. आज कुणीतरी विचारावं म्हणून त्यांचा जीव तुटत होता.