एक्स म्हणजे बाहेर

बाबांची गादी उलटताना चिमणीच्या हाताला काहीतरी टणक लागलं. तिने चादर बाजूला सारली. रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा. वरच्या कार्डावर तिचंच अक्षर होतं : ‘एक्स’.

तीन महिन्यांपूर्वी हरवलेला गठ्ठा तो. त्यासाठी तिने घर डोक्यावर घेतलं होतं, रद्दीचा कागद न् कागद चाळला होता, वर बाबांची बोलणी खाल्ली होती. मग दोघांनी सगळं पहिल्यापासून लिहायला घेतलं होतं.

अडतिसावं लागलं तरी बाबांच्या तोंडी ती चिमणीच होती. उभा जन्म इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर बाबांनी इंग्रजी शब्दांच्या कुळकथा सांगणारा कोश हाती घेतला आणि ‘सी’ अक्षराशी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. तेव्हापासून बाबा सांगायचे, चिमणी लिहायची. ‘ई’ अक्षरातले ‘एक्स’ने सुरू होणारे शब्द उरकले की पहिला खंड संपणार होता. तो संपला की जायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. दुसऱ्या गावच्या ग्रंथालयाने तिला नोकरी देऊ केली होती. रडतखडत मुदत वाढवून घेतली, तीही आज संपत होती. बाबांना सांगायला ती रोज तोंड उघडायची आणि रोज भाजीचं काहीतरी विचारून मिटायची.

“चिमणे, बसतेस ना?” बाहेरून हाक आली.

ती गठ्ठा घेऊन गेली. बाबा टेबलाशी ताठ बसले होते, पहिल्या तासाला वर्गात बसावं तसे.

“काल कुठवर आलो होतो?”

“एक्स्पिडाइट.”

“वाच.”

समोर काल लिहिलेलं नवं करकरीत कार्ड होतं. तिने गठ्ठ्यातलं जुनं काढलं.

“एक्स्पिडाइट. एक्स म्हणजे बाहेर, पेस म्हणजे पाय. अडकलेला पाय बाहेर काढणे. त्यावरून, रखडलेलं काम मार्गी लावणे. आपण पाय मोकळे करतो ते फार तर कोपऱ्यापर्यंत जाऊन. लॅटिन माणूस बेडीतून करायचा.”

बाबांच्या ओठांवर हसू आलं. स्वतःच्या विनोदाला ते नेहमी हसत. मग टेबलावर ताल धरलेलं त्यांचं बोट थांबलं.

“हे कोपऱ्याचं... या वेळी नव्हतं सांगितलं मी.”

“नाही.”

रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू होईना. कार्ड कुठे सापडलं ते बाबांनी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. तिची कानशिलं तापली होती. तीन महिने, तिने मनात मोजले. नव्वद दुपारी.

“फोनवर तू हळू बोलतेस,” बाबा म्हणाले. “पण घर ते केवढंसं.”

“आज कळवायचंय त्यांना.”

“मग कळव की.” आवाज नको इतका मोठा निघाला. त्यांनी घसा खाकरला. “खंडाचं काय, छापखान्यात धाडला की झालं. तयारच आहे तो.”

“तयारच होता, बाबा.”

बाबा टेबलाची कड चाचपत उठले.

“चहा टाकतो.”

“तुम्ही?”

“का? गॅस काय ग्रीकमध्ये पेटतो?”

भिंतीवरून हात फिरवत ते स्वयंपाकघरात गेले. सवयीने ती अर्धी उठली, आणि पुन्हा बसली. आत भांडं पडलं, गडगडत गेलं. ती खुर्चीच्या हातांना घट्ट धरून राहिली.

“साखर कुठली गं?”

“डावीकडून दुसरा डबा.”

झाकण उघडलं. बोट चाटल्याचा आवाज आला.

“हे मीठ आहे.”

“मग तिसरा,” चिमणी जागेवरूनच म्हणाली.