लसणाचं भाषांतर

आमच्या या स्पेनातल्या कोर्दोबात फुएन्सांताला ओळखत नाही असा माणूस एकतर परगावचा, नाहीतर पोटाचा दुखणेकरी. परदेशी पाहुण्यांना जुन्या गल्ल्यांतून पायी हिंडवायचं, या दारी एक घास, त्या दारी एक घोट करत नदीकाठी आणून सोडायचं, हा तिचा धंदा. चालायला पाय दणकट, ओरडायला गळा त्याहून दणकट. इंग्रजी तर तिला उत्तम यायचं. पण तिचं खरं कसब होतं भाषांतरात.

एखादा पाहुणा म्हणाला, "वांगी फार तेलकट आहेत," की ती मालकाला सांगायची, "म्हणतायत, तेलाला हात आखडता घेतला नाहीत तुम्ही." मालक खेकसला, "खा आणि उठा म्हणावं, लोक खोळंबलेत," की पाहुण्यांना सांगायची, "सावकाश होऊ द्या म्हणतायत, घर आपलंच आहे." मग पाहुणे बूट सैल करून ऐसपैस बसायचे आणि मालक डोक्याला हात लावायचा. पण भांडण कधी झालं नाही. "तोंडातलं तसंच्या तसं कानात ओतलं तर जग चालेल का?" असं ती म्हणायची.

तिच्या वाटेवर एक छोटा चौक होता आणि चौकात समोरासमोर दोन खानावळी. एकीची पाटी 'आरासेली', दुसरीची 'खरी आरासेली'. आरासेली म्हणजे दोघा मालकांची आई. थोरला लेओकादियो, धाकटा हिनेस. आई गेली आणि तिच्या हातचं साल्मोरेहो, म्हणजे टोमॅटोचं दाट गार सूप, कसं असायचं यावरून तिच्या दफनाच्या दिवशीच दोघांची जुंपली. टोमॅटो, शिळा पाव, तेल, मीठ इथवर एकमत होतं. गाडं अडलं लसणापाशी. लेओकादियोच्या मते आई सढळ हाताने लसूण घालायची. हिनेसच्या मते नुसता वास लावायची. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. एक दार उघडायला बाहेर आला की दुसरा आत जायचा. फुएन्सांता मात्र दोन्हीकडे पाहुणे न्यायची, आणि दोघंही तिला खालच्या आवाजात एकच विचारायचे, "पलीकडे काय म्हणाले गं?"

मे महिन्यातल्या एका दुपारी तिच्याबरोबर मोजकेच पाहुणे होते. त्यात वाउटर नावाचा एक ताडमाड डच होता, मनात येईल ते बोलणारा. आणि एक नॉर्वेच्या हाल्वोर्सेनबाई, गवती टोपी घातलेल्या, सकाळपासून अवाक्षर न काढलेल्या.

लेओकादियोने थंडगार वाट्या मांडल्या. वाउटरने चमचा तोंडात घातला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाप रे!" तो इंग्रजीत म्हणाला. "हे खायचं, की छातीला चोळायचं?"

"काय म्हणतोय?" लेओकादियोने विचारलं.

"म्हणतोय, थेट काळजाला भिडलं."

लेओकादियोने त्याच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, गल्ल्यामागून बाहेर आला आणि त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "लेकरा! मन आहे रे तुला!"

"हा काय करतोय?" वाउटर घाबरून म्हणाला.

"त्यांना स्पष्टवक्ती माणसं फार आवडतात," फुएन्सांता म्हणाली.

बक्षीस म्हणून वाउटरला आणखी एक वाटी मिळाली आणि ती संपेपर्यंत लेओकादियो समोरून हलला नाही. हाल्वोर्सेनबाई रुमालात खोकल्या.

तिथून चौक ओलांडून मंडळी हिनेसकडे गेली. पुन्हा वाट्या आल्या. वाउटरने या खेपेला चमच्याचं टोकच जिभेला लावलं.

"याला तर काहीच चव नाही. दात न आलेल्या पोरांचं जेवण आहे हे."

"काय म्हणाला?" हिनेसने मिशीवरून हात फिरवला.

"म्हणाला, इतकं हलकं, की लहान मुलालाही बाधणार नाही."

"बरोबर! आणि समोरच्याचं? विच्चार, विच्चार."

फुएन्सांताने विचारलं. वाउटर म्हणाला, "खरं सांगू? ते भयंकर होतं, पण त्यात निदान काहीतरी घातलं होतं."

"म्हणतोय, समोरचं भयंकर होतं," फुएन्सांता म्हणाली आणि तिथेच थांबली.

हिनेसचा चेहरा कंदिलासारखा उजळला. तेवढ्यात हाल्वोर्सेनबाईंना हसू आवरेना. त्या टेबलाला धरून हसायला लागल्या.

"यांना काय झालं?" हिनेस म्हणाला. "बाईसाहेब का हसतायत?"

फुएन्सांता भाषांतराला तोंड उघडणार, तोच बाई स्वतःच बोलल्या. तेही आमच्या बोलीत, शब्दांची शेपटं गिळत, अस्सल इथल्यासारख्या. "अहो, हसू नको तर काय करू? तो असं काही म्हणालाच नाही."

हिनेसच्या हातातला पळा खाली पडला.

"तुम्हाला स्पॅनिश येतं?" फुएन्सांताने विचारलं.

"माझे यजमान इथल्या शेजारच्या हाएनचे होते. जन्म गेला त्यांच्याशी भांडण्यात."

"मग सकाळपासून गप्प का?"

"मला कुणी काही विचारलंच नाही!"

हिनेसने मात्र विचारलं, आणि बाईंनी सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. दात न आलेली पोरं, छातीला चोळणं, सगळं.

"म्हणजे त्याला लेओकादियोचं आवडलं?" हिनेसचा आवाज चिरकला.

"दोन्ही नाही आवडली. पण तुमचं जास्त नाही आवडलं."

हिनेसने वाटी उचलली आणि एप्रनसकट भर उन्हात चौक ओलांडला. पाठोपाठ आम्ही सगळे. मी शेजारच्या माझ्या औषधाच्या दुकानातून पाहत होतो. गिऱ्हाईक सोडून धावलो. आईच्या दफनानंतर हिनेस पहिल्यांदाच त्या उंबऱ्याच्या आत जात होता.

"हे खा!" त्याने वाटी गल्ल्यावर आदळली. "खा आणि सांग, याला चव नाही?"

लेओकादियो आधी गोंधळला. मग त्याने निमूट चमचा घेतला, चाखलं, आणि म्हणाला, "आजाऱ्याला द्यायचं का हे?"

"आण तुझं!"

हिनेसने भावाची वाटी तोंडाला लावली. त्याचे कान लाल झाले. "अरे गाढवा! माणसांना खायला घालतोस, का भुतं पळवतोस?"

"आई असंच करायची!"

"आई असं करती, तर बाबा अंगणात झोपले असते!"

"झोपायचेच की ते अंगणात!"

तेवढ्यात वाउटरने, हे सगळं आपल्यामुळे चाललंय एवढं समजून, भीतभीत दोन्ही वाट्या एकात ओतल्या, ढवळल्या आणि पुढे केल्या. दोघा भावांनी एकाच वाटीत चमचे घातले.

लेओकादियोने तोंड वाकडं केलं. हिनेसने त्याहून वाकडं केलं.

"शी!" थोरला म्हणाला.

"शी!" धाकटा म्हणाला. "आईने झाडूने बडवलं असतं."

"दोघांना."

आणि दोघं हसायला लागले. इतके, की लेओकादियोला खुर्ची द्यावी लागली. हिनेस त्याच्या पाठीवर थापा मारत होता आणि मारता मारता रडतही होता. मग एकाएकी दोघांनी मिळून फुएन्सांताकडे मोर्चा वळवला.

"तू थांब. तो जपानी म्हातारा," लेओकादियो म्हणाला, "माझी एक वाटी खाल्ली, आता मेलो तरी चालेल म्हणाला होता, तो?"

फुएन्सांताने मान खाली घातली. "तो संडास कुठे आहे विचारत होता."

"आणि माझ्या खानावळीत देवळासारखं वाटतं म्हणणारी?" हिनेसने विचारलं.

"अंधार फार आहे म्हणाली होती."

दोघांनी तिला बाहेर काढलं. इतकी वर्षं काही ठरवून न केलेल्या त्या भावांनी एका सुरात सांगितलं की खोटारड्या बाईने पुन्हा उंबरा चढायचा नाही.

ती संत्र्याच्या झाडाखाली बसून राहिली. हाल्वोर्सेनबाई शेजारी येऊन बसल्या.

"रागावलीस?"

"पोटावर पाय दिलात, आणखी काय," फुएन्सांता म्हणाली. "पण ते दोघं बोलले. मला इतक्या वर्षांत नाही जमलं."

"मी माझ्या आईचं आणि नवऱ्याचं असंच जुळवत आले, तुझ्यासारखं साखर पेरून," बाई म्हणाल्या. "आई गेली तेव्हा कळलं, तिला स्पॅनिश सगळं कळायचं. सगळं ऐकून घेत होती बया!"

फुएन्सांताला हसू फुटलं, आणि मग तिला पटकन थांबता येईना.

आठवडाही झाला नाही, तोच दोघा भावांनी तिला परत बोलावलं. पाहुण्यांशिवाय चालणार कसं? अट एकच: आता खरं तेच सांगायचं. तिने सांगितलं. डेन्मार्कची एक बाई म्हणाली, मीठ जास्त आहे. फुएन्सांताने तसंच सांगितलं. लेओकादियो दुपारभर कोठीत जाऊन बसला. मग एक दिवस तो हळूच म्हणाला, "जरा गोड करून सांगत जा ना, पूर्वीसारखं." दुसऱ्या दिवशी हिनेसही तेच म्हणाला. भावाला कळू देऊ नकोस, असंही दोघांनी बजावलं.

"जमायचं नाही," ती दोघांनाही म्हणाली. "हवं असेल तर इंग्रजी शिका, आणि आपापलं ऐका."

आता नगरपालिकेच्या इंग्रजीच्या वर्गात संध्याकाळी दोघं एकाच बाकावर बसतात. शिकवणाऱ्या बाई फळ्यावर लिहीत असल्या की हिनेस लेओकादियोच्या वहीत बघून उतरवतो, आणि लेओकादियो कोपराने वही झाकतो. परवा दोघांनाही वर्गाबाहेर उभं केलं होतं म्हणे.