सिंकखालचा मग

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात शोधू नका. मी सिंकखालच्या फळीवरचा पत्र्याचा जुना मग आहे. पांढरा मुलामा, निळा काठ आणि बुडाशी उडालेला एक टवका. कारखान्याच्या भट्टीतून निघालो तेव्हा असा चकाकत होतो की वाटले, आपण दिवाणखान्यातच जाणार. गेलो दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरिट्झबर्गच्या पिकार्डबाईंच्या घरी, पण थेट सिंकखाली. तेव्हा गोऱ्यांच्या घरोघरी काळ्या कामवालीसाठी असा वेगळा मग असे. या घरची कामवाली होती बोनाकेले.

तिच्याविषयी तक्रार नाही. तिचे खरबरीत, गरम हात मला आवडत. पण कपाटातले ते गुलाबाच्या नक्षीचे कप! ते दिसले की माझ्या अंगाचा तिळपापड होई.

पिकार्डबाई ज्या पक्षात होत्या, तो म्हणे, काळा, गोरा, भारतीय, सर्वांना सारखे मत हवे. म्हणून सरकारचा त्यांच्यावर राग. शेजाऱ्यांनी बोलणे टाकले. दिवाणखान्यात बैठक भरली की फाटकासमोर पोलिसांची गाडी उभी राही. आत झुलू शेझी गुरुजी, भारतीय पिल्ले वकील आणि गोरे प्राध्यापक एकाच नक्षीच्या कपांतून चहा पीत. बाई अभिमानाने सांगत, "माझ्या घरात कुणाचा कप वेगळा नाही." मला दात असते तर मी ते करकरा खाल्ले असते.

खरे सांगतो, मला शेझी गुरुजींचाही हेवा वाटे. बोनाकेलेलाही वाटे. ट्रे ठेवून आली की ती माझ्यात चहा ओतून घेई आणि दाराआडून आतले ऐके. "गुरुजींची मजा आहे," ती एकदा पुटपुटली. "ते पिणार, मी विसळणार."

मग कायदा आला. वेगवेगळ्या रंगांची माणसे एका पक्षात चालणार नाहीत. शेवटच्या बैठकीत प्राध्यापक म्हणाले, पक्ष फक्त गोऱ्यांचा ठेवू, निदान आवाज तरी शिल्लक राहील. गुरुजी खाली मान घालून बसले होते. पिकार्डबाई उठल्या. "शेझींना दाराबाहेर ठेवून मी आत बसणार नाही," त्या म्हणाल्या. हात वर झाले आणि पक्ष बंद झाला. त्या क्षणी मलासुद्धा बाईंचा अभिमान वाटला. मनाविरुद्ध, पण वाटला.

सगळे डोळे पुसत असताना गुरुजी आपला कप घेऊन स्वयंपाकघरात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बोनाकेले चहा पीत होती. ती गडबडून उठली आणि तिने मला पदराआड केल्यासारखे एप्रनमागे लपवले.

"बसा ताई," गुरुजी म्हणाले. "तो मग कुणाचा?"

"माझा."

"त्यातून आणखी कोण पितं?"

"आणखी कोण पिणार, गुरुजी?"

गुरुजींनी आपला कप विसळला, त्यात चहा ओतून तिच्या हातात दिला आणि तिच्या हातून मला घेतले. मित्रांनो, ज्या दिवसाची मी स्वप्ने पाहिली, तो हाच! गुरुजींचे ओठ माझ्या काठाला लागले. पण माझे लक्ष होते कुठे? बोनाकेले दोन्ही हातांनी तो गुलाबांचा कप धरून चहा पीत होती. माझी बोनाकेले! मी नुसता जळत होतो.

दारात पिकार्डबाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "बोनाकेले, माझ्या कधी लक्षातच आलं नाही गं. उद्यापासून तूही कपाटातलाच कप घेत जा."

बोनाकेलेने कप धुतला, पुसला, ट्रेवर ठेवला.

"आता कशाला, मॅडम? बैठका संपल्या. बघायला कोण येणार?"

बाई खुर्चीवर बसल्या.

पुढे बोनाकेलेने काम सोडले, तेव्हा ती मला पिशवीत घालून घरी घेऊन आली. बाईंनी निरोपाला गुलाबांचा एक कपही दिला. तो खिडकीत असतो, त्यात ती सुया ठेवते. चहा माझ्यातूनच पिते. तरी सकाळचे ऊन आधी त्याच्यावर पडते आणि माझ्या पोटात दुखतेच.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा मग असा खाली असेल, तर त्याला वर घ्या. मात्र पाहुणे यायची वाट पाहू नका.