शिंगटीचा गुरुवार

पूर्णा गावाखालच्या डोहावर भोयांच्या सात घरांचे सात वार ठरलेले होते. गुरुवार सटवाजीचा. तो वारल्यावर त्याची बायको कमलबाई त्या दिवशी गळ टाकायची. नियम एकच होता: ओळीने तीन वार रिकामे गेले, की तो वार दुसऱ्या घराला. १९८६च्या पौषात तिचे दोन गुरुवार रिकामे गेले. तिसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तिचा धाकटा दीर लिंबाजी दारात येऊन उभा राहिला. शुक्रवार त्याचा होता. गुरुवारही त्याला हवा होता.

"वहिनी, उद्या थंडीत उगं कशाला जायलाव? कटला बाईमाणसाच्या गळाला लागत न्हाई."

"तुमच्या गळाला लय लागायलाय का?"

"गेल्या शुक्रवारी आणला की! पाच किलोचा. त्याच्या आधीचे दोन रिकामे गेले, पर वार राखला का न्हाई?"

तो कटला कमलबाईनेच साफ केला होता.

स्टेशनजवळच्या बाजारात ती गिऱ्हाइकांना मासे कापून द्यायची. थंडी पडल्यापासून ती प्रत्येक माशाचं आतडं बघत होती. कटल्याचं आतडं रिकामं, दोरीसारखं बारीक. शिंगटीचं मात्र फुगलेलं, आत किडे, शिंपल्यांचे तुकडे, बारीक झिंगे. कटला वरच्या पाण्यात खातो, आणि वरचं पाणी सकाळी हात घालवत नाही इतकं गार असायचं. तळाला अजून कुणीतरी जेवत होतं. शिंगटी वीतभर लांब, मिशांची, काट्यांची. आपल्या वारी शिंगटी धरणं सातही घरांत हलकं समजायचे.

लिंबाजी गेल्यावर तिने नवऱ्याचे मोठे गळ सोडले आणि बारीक बांधले. तरंगणारं बेंड काढून दोरीला दगड बांधला. आमिषाचा कणकेचा गोळा गाईला घातला आणि मोरीमागची ओली माती उकरून गांडुळं काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिंपळाखालच्या वजनकाट्यावर, जिथे प्रत्येक वाराचे मासे मोजले जात, तिने टोपली ठेवली. नऊ शिंगट्या होत्या, अजून हलत होत्या.

सात घरांचे कारभारी आबासाहेब यांनी टोपलीत डोकावून बघितलं. "कमळे, हे काय आणलंस?"

"मासे, आबा."

"हे पोरांचं खेळणं हाय. डोहाचा मान कटल्याचा. हे मोजायचं न्हाई."

लिंबाजी हसला. "मी सांगितलं हुतं, आबा. गुरुवार गेला." त्याने टोपली ओढायला हात घातला.

"वरून धरू नका भावजी, काटा उभा हाय."

त्याने धरलंच. मग ओरडून हात झटकला. अंगठ्यातून रक्त आलं, आणि बसलेल्या माणसांत हशा पिकला. कमलबाई हसली नाही.

"न्हाई मोजायचं तर नका मोजू," ती म्हणाली. "पर मग भावजींचा कटला बी मोजू नका. तो मी कापलाय. त्याच्या तोंडात गळाची खूण नव्हती. भोक पंखामागं, पोटात हुतं. त्यानं काही खाल्लं नव्हतं. त्याला वरतून गळ मारून वढलाय."

गळ मारून ओढलेला मासा सात घरांत कधीच मोजत नसत.

"खोटं हाय!" लिंबाजी म्हणाला, पण अंगठा तोंडात होता.

"तर सांगा, भावजी, गळ तोंडातून काढला का पोटातून?"

तो आबासाहेबांकडे बघत राहिला, तिच्याकडे नाही. आबासाहेबांनी पागोटं सारखं केलं. कटला सोडला तर लिंबाजीचे ओळीने तीन शुक्रवार रिकामे होते. शिंगटी सोडली तर कमलबाईचे तीन गुरुवार.

"असं म्हणतेस?" ते म्हणाले. "शिंगटी मोजा. ती गळ खाऊनच आलीया."

"आणि कटला?" लिंबाजीने विचारलं.

"तो न्हाई. शुक्रवारचं उद्या बघू."

काट्यावर पावणेदोन किलो भरलं. तिने टोपली डोक्यावर घेतली.

"दर गुरुवारी हेच काटेवालं आणणार का?" आबासाहेबांनी विचारलं.

"थंडी हाय तवर हेच," कमलबाई म्हणाली. "ऊन तापलं की कटला. तवा बी गुरुवारी मीच येणार."